योझेफ आल्बर्स : चौरसाच्या ताटात वाढलेला रंग

योझेफ आल्बर्स (१८८८–१९७६) हे जर्मनीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले अमूर्त चित्रकार, मुद्राचित्रकार आणि कलाशिक्षक. ‘होमेज टू द स्क्वेअर’, म्हणजे ‘चौरसाला वंदन’, ही त्यांची चित्रमालिका विसाव्या शतकाच्या कलेत फार प्रसिद्ध आहे. ती त्यांनी १९५० साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी सुरू केली आणि मृत्यूपर्यंत, सव्वीस वर्षे, चालू ठेवली. या मालिकेतील चित्रांची संख्या दोन हजारांच्या वर जाते. प्रत्येक चित्रात एकात एक बसवलेले तीन किंवा चार चौरस असतात. त्याखेरीज काहीही नसते : रेघ नाही, छाया नाही, आकृती नाही.

इतकी वर्षे एकच आकार रंगवत बसणाऱ्या चित्रकाराला चौरसाचे वेड असावे, असे कोणालाही वाटेल. आल्बर्स यांचे वेड मात्र रंगाचे होते. चौरस हे केवळ ते वेड वाढायचे ताट आहे, असे ते सांगत. ताट दरवेळी तेच ठेवले की चवीतला फरक पदार्थाचाच आहे याची खात्री पटते. आकार बदलत राहिला असता तर चित्र वेगळे का दिसते, आकारामुळे की रंगामुळे, हे पाहणाऱ्याला कधीच कळले नसते. आल्बर्स यांचे सारे काम, मग ती चित्रे असोत, छापे असोत की वर्गातले पाठ, या एका शिस्तीवर उभे आहे.

या शिस्तीचे मूळ त्यांच्या घरात सापडते. १९ मार्च १८८८ रोजी पश्चिम जर्मनीतील बोट्रॉप या गावी त्यांचा जन्म झाला. रूर खोऱ्यातले हे कोळशाच्या खाणींचे, कामगारवस्तीचे गाव. वडील लोरेन्ट्स घरे रंगवण्याचा धंदा करत आणि सुतारकामापासून काचकामापर्यंत हाताची अनेक कामे त्यांना येत. आई लोहारांच्या घराण्यातली. मुलगा वडिलांच्या हाताखाली शिकला. दार रंगवायला घेतले तर सुरुवात मध्यापासून करायची आणि मग कडांकडे सरकायचे, म्हणजे रंगाचे ओघळ वेळीच टिपता येतात आणि सदऱ्याच्या बाह्या मळत नाहीत, हा वडिलांनी दिलेला धडा आल्बर्स म्हातारपणीही सांगत. ‘होमेज’मधले चौरसही त्यांनी याच रीतीने रंगवले : आधी मधला, मग एकेक बाहेरचा. कलेचा इतिहास लिहिताना थोर गुरूंची नावे घेण्याची पद्धत आहे. आल्बर्स यांच्या बाबतीत त्या यादीत पहिले नाव बोट्रॉपच्या या रंगाऱ्याचे हवे.

चित्रकार होण्याआधी ते शाळामास्तर होते. १९०८पासून काही वर्षे त्यांनी आपल्याच भागात प्राथमिक शाळेत शिकवले. त्याच वर्षी हागेन येथील फोल्कवांग संग्रहालयात त्यांनी सेझान आणि इतर नव्या चित्रकारांची चित्रे पाहिली आणि मनाचा कल ठरला. १९१३ ते १९१५ या काळात बर्लिनच्या शाही कलाशाळेत त्यांनी चित्रकला शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवले, मग एसेनच्या कारागिरी विद्यालयात आणि १९१९मध्ये म्युनिकच्या कला अकादमीत शिक्षण घेतले. एसेनच्या दिवसांत त्यांनी पहिले छापे काढले. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून काढलेल्या वाळूच्या खाणी आणि दगडावर रेखाटून छापलेली कामगारांची घरे हे त्यांचे विषय. ही चित्रे अमूर्त नाहीत, पण त्यांतली घरांची छपरे आणि खाणीचे उतार मोठ्या, सपाट तुकड्यांत मांडलेले आहेत. पुढचा आल्बर्स त्यांत दिसू लागतो.

१९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आधीचे सगळे शिक्षण बाजूला ठेवून त्यांनी व्हायमार येथील ‘बाउहाउस’ या नव्या शाळेत विद्यार्थी म्हणून नाव घातले. वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस यांनी एकच वर्ष आधी काढलेली ही संस्था. कला आणि कारागिरी यांच्यामधली भिंत पाडायची, चित्रकार, सुतार, विणकर आणि कुंभार यांनी एका छपराखाली शिकायचे, हा तिचा विचार. आल्बर्स यांच्याजवळ सामान घ्यायला पैसे नव्हते. पाठीवर पिशवी आणि हातात हातोडा घेऊन ते व्हायमारच्या कचरा टाकण्याच्या जागी जात, फुटक्या बाटल्यांचे आणि काचेचे तुकडे गोळा करून आणत आणि जाळीवर किंवा पत्र्यावर तारेने बांधून त्यांची चित्रे करत. मागून उजेड पडला की ती उजळत. १९२१ सालच्या ‘गिटरबिल्ड’ या कृतीत काचेच्या लहान चौकोनी तुकड्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आहे. काचेच्या दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवतात तसे ते नमुन्याचे तुकडे होते. चौकोन, एकमेकांशेजारचे रंग आणि उजेड हे आल्बर्स यांचे तिन्ही सोबती इथे पहिल्यांदा एकत्र आले.

काचेतूनच ते छपाईच्या विचाराजवळ पोहोचले. पुढच्या काळात ते दुधी काचेवर दुसऱ्या रंगाच्या काचेचा पातळ थर असलेली पत्री वापरू लागले. तिच्यावर कापलेली पट्टी चिकटवायची आणि उघड्या भागावर जोराने वाळूचा मारा करायचा. वरचा थर खरवडून निघे आणि खालची पांढरी काच दिसे. १९२८ सालची ‘सिटी’ ही कृती अशीच झाली आहे. आडव्या-उभ्या पट्ट्यांची ती मांडणी पाहणाऱ्याला गगनचुंबी इमारतींची आठवण करून देते. या कामात हाताचा फटकारा कुठेच उमटत नाही. कलाकाराचे काम मोजणे, कापणे आणि ठरवणे एवढेच राहते. स्टेन्सिलने छपाई करणाऱ्याचेही काम नेमके हेच असते.

१९२३मध्ये ग्रोपियस यांनी त्यांना नवख्या विद्यार्थ्यांना शिकवायला सांगितले. बाउहाउसच्या पायाभूत अभ्यासक्रमाची जबाबदारी आधी योहानेस इटेन यांच्याकडे होती. ती आता लास्लो मोहोली-नॉज आणि आल्बर्स यांनी वाटून घेतली. आल्बर्स यांच्या वर्गातला एक प्रसंग शिक्षणशास्त्रात आजही सांगितला जातो. त्यांनी मुलांसमोर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला आणि कागद वाया न घालवता, जमल्यास कात्री-डिंकाशिवाय, यातून काहीतरी करा असे सांगून ते निघून गेले. परत आले तेव्हा कोणी बोट, कोणी किल्ला, कोणी विमान केले होते. एका विद्यार्थ्याने कागदाला नुसती उभी घडी घालून तो टेबलावर उभा केला होता. आल्बर्स यांना तेच काम आवडले. आडवा पडलेला लिबलिबीत कागद घडी पडताच उभा राहू शकतो, त्याच्या दोन्ही बाजू आणि कड दिसू लागते. कागदाचा हा गुण त्या मुलाने ओळखला होता. किल्ला आणि बोट दुसऱ्या कशाचीही करता आली असती.

१९२५ साली शाळा डेसाऊला हलली. त्याच वर्षी आल्बर्स यांचा विवाह बाउहाउसच्या विणकाम विभागातील विद्यार्थिनी ॲनी फ्लाइशमन यांच्याशी झाला. ॲनी आल्बर्स पुढे आधुनिक विणकामातले अग्रगण्य नाव ठरल्या. त्यांचे कुटुंब मूळचे ज्यू. १९३३मध्ये नाझी सत्तेच्या दडपणाखाली, तोवर बर्लिनला आलेली शाळा बंद झाली आणि या दोघांना जर्मनीत राहणे अशक्य होऊन बसले. अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांच्या शिफारशीने नॉर्थ कॅरोलायनातील नव्यानेच निघालेल्या ‘ब्लॅक माउंटन कॉलेज’चे बोलावणे आले आणि नोव्हेंबर १९३३मध्ये दोघे तेथे पोहोचले. आल्बर्स यांना इंग्रजी जेमतेम येत होते. तुम्ही काय शिकवणार, या प्रश्नाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी दिलेले उत्तर डोळे उघडायला शिकवणार अशा अर्थाचे होते, आणि त्यांच्या नावाबरोबर ते कायमचे जोडले गेले आहे.

ब्लॅक माउंटनमधली सोळा वर्षे त्यांच्या छापचित्रांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. इथे त्यांनी काष्ठठसे काढले, आणि त्यांत लाकडाला बोलू दिले. १९४४ सालच्या ‘त्लालोक’ या छाप्यात फळीच्या नैसर्गिक नसा जशाच्या तशा शाईने उमटल्या आहेत आणि त्यांच्यावर सरळ, पांढऱ्या, भौमितिक रेषांची आकृती तरंगते. त्लालोक हा मेक्सिकोतील अ‍ॅझटेक लोकांचा पाऊसदेव. फळीच्या उभ्या नसा पावसाच्या सरींसारख्या दिसतात. निसर्गाने आखलेली वळणदार रेघ आणि माणसाने पट्टीने आखलेली रेघ यांचा इतका सुंदर शेजार छापचित्रांत क्वचितच सापडतो.

मेक्सिको हा त्यांच्या आयुष्यातला मोठा धागा. १९३५च्या अखेरीस आल्बर्स पतिपत्नी तेथे प्रथम गेले आणि नंतर अनेक वेळा जात राहिले. मोन्ते आल्बान, मित्ला, तेओतिवाकान येथील प्राचीन वास्तू, पायऱ्यापायऱ्यांचे चौथरे, दगडातली भौमितिक नक्षी त्यांनी पाहिली, तिची शेकडो छायाचित्रे काढली. अमूर्त कलेचे माहेर युरोपच आहे, असे मानणाऱ्या काळात मेक्सिकोत ती हजारो वर्षांपासून नांदते आहे, असे त्यांनी चित्रकार कांडिन्स्की यांना पत्रातून कळवले. १९४२ साली त्यांनी ‘ग्राफिक टेक्टॉनिक’ ही शिलामुद्रणाची मालिका केली. पट्टीने आखलेल्या काळ्या समांतर रेषा, त्यांत कुठे जाड कुठे बारीक, एवढेच साहित्य. तिच्यातील एका छाप्याचे नाव ‘टू मोन्ते आल्बान’ आहे. पाहता पाहता रेषांचा चौथरा वर चढतो, आणि नजर जरा हलली की तोच खोल खड्डा होऊन आत उतरतो. दोन्ही एकाच वेळी खरे असतात. पुढच्या ‘स्ट्रक्चरल कॉन्स्टेलेशन्स’ या रेखाकृतींत हा खेळ आणखी कठीण झाला. काळ्या थराच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर यंत्राने कोरलेल्या पांढऱ्या रेषांतून घन आकार दिसतात, पण तो आकार प्रत्यक्षात बांधायला जावे तर बांधता येणार नाही.

१९४७च्या सुमारास सुरू झालेली ‘व्हेरिअंट’ किंवा ‘अडोबे’ ही चित्रमालिका मेक्सिकोतील मातीच्या घरांच्या दर्शनी भिंतींवरून सुचलेली दिसते. दोन खिडक्यांसारखे दोन आयत, भोवती रंगांच्या चौकटी. आतली युक्ती मात्र हिशेबाची आहे : चित्रफलक चौकटीच्या वहीसारखा विभागून त्यांनी वेगवेगळ्या रंगांना सारखे क्षेत्रफळ वाटून दिले. तरी कुठला रंग जागा जास्त व्यापतो असे वाटते, कुठला आक्रसून बसतो.

१९५० साली येल विद्यापीठाच्या डिझाइन विभागाचे प्रमुखपद स्वीकारून आल्बर्स न्यू हेवनला आले आणि १९५८पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या रंगाच्या वर्गात रंगाच्या ट्यूब आणि कुंचले नव्हते. विद्यार्थी रंगीत कागद, मासिकांतली कापलेली पाने, वाळलेली पानेसुद्धा आणत. कारण साधे होते. रंग कालवायला बसले की प्रत्येक वेळी छटा थोडी बदलते, कागदाचा रंग मात्र हलत नाही. मग दोन ठिकाणी ठेवलेला एकच कागद वेगळा दिसला, तर तो फरक डोळ्यात झाला आहे, हे मान्य करावेच लागते.

हा अनुभव घ्यायला येलला जायची गरज नाही. हिरव्या काठाचा एकच तुकडा पिवळ्या साडीवर धरला तर निळसर वाटतो आणि निळ्या साडीवर धरला तर पिवळसर. राखाडी कागदाचे दोन सारखे तुकडे कापून एक काळ्यावर आणि एक पांढऱ्यावर ठेवले, तर काळ्यावरचा उजळ आणि पांढऱ्यावरचा गडद दिसतो. लाल ठिपक्याकडे अर्धा मिनिट टक लावून मग पांढऱ्या कागदाकडे पाहिले, तर तिथे नसलेला हिरवट ठिपका उमटतो. डोळा प्रत्येक रंगाचे मोजमाप शेजारच्या रंगावरून करतो, आणि शेजार बदलला की माप बदलते. आल्बर्स यासाठी हाताचे उदाहरण देत : एक हात गरम आणि एक थंड पाण्यात काही वेळ ठेवून मग दोन्ही कोमट पाण्यात घातले, तर एका हाताला ते थंड लागते आणि दुसऱ्याला गरम. पाणी तेच असते.

१९६३ साली येल विद्यापीठाने त्यांचे ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पहिली आवृत्ती म्हणजे मजकूर आणि मोठ्या रंगीत छाप्यांचा संच असलेली जड पेटीच होती. छापे बहुतांशी स्क्रीन प्रिंटिंगने काढलेले होते, आणि त्यांवरची कागदी झाकणे उचलली की दोन वेगळे वाटणारे रंग मुळात एकच असल्याचे वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. १९७१मध्ये स्वस्त आवृत्ती निघाली आणि पुस्तक जगभरच्या कलाशाळांत पोहोचले. रंगांचे नियम आधी पाठ करायचे आणि मग चित्र काढायचे, ही जुनी रीत त्याने उलटी केली. आधी करून पाहायचे, चुकायचे, आणि सिद्धान्त सर्वांत शेवटी.

‘होमेज टू द स्क्वेअर’ हा याच शोधाचा चित्रातला भाग. चित्रे सोळा इंच ते अठ्ठेचाळीस इंच बाजूच्या चौरस फलकांवर आहेत. कॅनव्हासऐवजी आल्बर्स मॅसोनाइट, म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेला कडक तक्ता वापरत, तोही खरबरीत बाजूने. त्यावर पांढऱ्या अस्तराचे अनेक हात देत. मग तक्ता टेबलावर आडवा ठेवून, ट्यूबमधून काढलेला तैलरंग न मिसळता पातळ पात्याच्या सुरीने पसरवत. एका रंगावर दुसरा चढवायचा नाही, प्रत्येक रंग पांढऱ्या अस्तरालाच भिडला पाहिजे. फलकाच्या पाठीमागे कुठल्या कंपनीचा कुठला रंग वापरला ते बारीक अक्षरात लिहून ठेवायचे. रंगाऱ्याच्या मुलाची नोंदवही चित्राच्या पाठीवर अशी उमटली आहे.

चौरसांची मापेही ठरलेली. पूर्ण फलकाची बाजू १० भाग धरली, तर चार चौरसांच्या रचनेत आतल्या चौरसांच्या बाजू ८, ६ आणि ४ भाग होतात. ते बरोबर मध्यावर बसत नाहीत. दोन चौरसांमधले अंतर खाली अर्धा भाग, डाव्या-उजव्या बाजूंना एकेक भाग आणि वर दीड भाग, म्हणजे १:२:३ अशा प्रमाणात असते. त्यामुळे सगळे चौरस खाली उतरून बसल्यासारखे वाटतात, चित्राला एक वजन येते. आतला एखादा चौरस गाळून तीनच ठेवल्याने आणखी रचना मिळतात. सगळ्या मिळून चारच रचना, आणि त्यांवर सव्वीस वर्षे.

आता या आखीव सापळ्यात रंग काय करतात ते पाहण्यासारखे आहे. एका चित्रात पिवळ्याच्या तीन छटा आतून बाहेर अशा बसतात की मधला चौरस दिव्यासारखा पेटतो. दुसऱ्यात तेच माप, पण आत गडद राखाडी आणि बाहेर फिका, तर लांब बोळाच्या टोकाला अंधारे दार दिसते. काही चित्रांत मधल्या पट्टीचा रंग असा नेमका निवडलेला असतो की आतला आणि बाहेरचा रंग एकमेकांवर पारदर्शक कापडासारखे पडून तो तयार झाला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तीन वेगळे, अपारदर्शक रंग शेजारी शेजारी आहेत. कडा धारदार असूनही काही ठिकाणी त्या विरघळतात, कारण दोन शेजाऱ्यांची उजळता सारखी आहे. हे सगळे छापील पुस्तकातल्या लहान चित्रात पुरते कळत नाही. मूळ चित्रासमोर दोन-तीन मिनिटे उभे राहिले की चौरस पुढे-मागे सरकू लागतात, श्वास घेतल्यासारखे.

मुद्राचित्रांकडे अनेक चित्रकार मूळ चित्राच्या स्वस्त प्रती म्हणून पाहतात. आल्बर्स यांच्या बाबतीत तसे म्हणणे चुकीचे ठरेल. सपाट, एकसारखा, हाताच्या खुणेविना पसरलेला रंग त्यांना हवा होता, आणि स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तो आपोआप मिळतो. लग्नपत्रिका आणि कापडी फलक छापणाऱ्या कारागिरांना हे तंत्र परिचित आहे. चौकटीवर ताणलेले जाळीदार कापड, नको असलेला भाग बंद करणारी स्टेन्सिल, आणि शाई पलीकडे ढकलणारी रबरी पट्टी. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. कागदावर बसणारा थर सगळीकडे सारखा. १९६२ साली न्यू हेवनच्या आइव्ह्ज-सिलमन या संस्थेने ‘होमेज टू द स्क्वेअर : टेन वर्क्स’ हा संच प्रसिद्ध केला. संस्थेचे चालक नॉर्मन आइव्ह्ज आणि सिवेल सिलमन हे दोघेही येलमध्ये आल्बर्स यांच्या हाताखाली शिकलेले होते.

त्यानंतर लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड कार्यशाळेत ‘डे अँड नाइट’ आणि १९६४ सालचा ‘मिडनाइट अँड नून’ हे शिलामुद्रणाचे संच झाले. टॅमरिंडच्या या मुक्कामात पतीबरोबर आलेल्या ॲनी आल्बर्स यांनाही दगडावर काम करून पाहायला सांगण्यात आले. त्या रमल्या, आणि काही वर्षांनी माग कायमचा बाजूला ठेवून छापचित्रांकडेच वळल्या.

१९६६ सालच्या ‘व्हाइट लाइन स्क्वेअर्स’ या मालिकेत आल्बर्स यांनी एक नवी गंमत शोधली. लॉस एंजेलिसमधील जेमिनी या छापखान्यात मुद्रक केन टायलर यांच्याबरोबर ती छापली गेली. एका रंगाच्या पट्टीतून एक बारीक पांढरी चौकट फिरवली आहे, म्हणजे तिथे शाई न लावता कागद मोकळा सोडला आहे. त्या रेषेच्या आतला आणि बाहेरचा रंग एकाच शाईचा असून दोन वेगळ्या छटांचा दिसतो. तीन शायांत छापलेल्या कागदावर डोळा चार रंग मोजतो. छापा असल्यामुळेच हा प्रयोग निर्णायक ठरतो. हाताने रंगवले असते तर चित्रकाराने नकळत छटा बदलली असेल, अशी शंका राहिली असती. १९६९मध्ये त्यांनी शाईही सोडली. ‘एम्बॉस्ड लिनिअर कन्स्ट्रक्शन्स’मध्ये पांढऱ्या कागदावर दाबाने उठवलेल्या रेषा आहेत, त्या फक्त बाजूने पडणाऱ्या उजेडात दिसतात. १९७२ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ‘फॉर्म्युलेशन : आर्टिक्युलेशन’ हा १२७ स्क्रीन प्रिंट्सचा दोन खंडी संच निघाला. जुन्या काचकामापासून चौरसांपर्यंतच्या रचना त्यांनी त्यात कालक्रम सोडून, एकमेकांना शोभतील अशा जोड्या लावून नव्याने मांडल्या. आयुष्यभराच्या कामाचा आढावा त्यांनी छापखान्यात घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आल्बर्स यांच्यावर टीका झाली ती कोरडेपणाची. हे चित्र आहे की प्रयोगशाळेतली तपासणी, असे विचारले गेले. १९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरले आणि दृष्टिभ्रम घडवणाऱ्या ‘ऑप आर्ट’चे ते पूर्वज ठरवले गेले. हे बिरुद त्यांना पसंत नव्हते, आणि त्यांची नापसंती बरोबरच होती. ऑप आर्ट डोळ्याला चकवून थांबते. आल्बर्स यांच्या चित्रात चकवा सुरुवातीला भेटतो, आणि तो ओळखल्यावरही चित्र शिल्लक राहते : सकाळचा, संध्याकाळचा, पावसाळी दुपारचा असा काहीतरी अनुभव, ज्याला नाव देता येत नाही. कोरडेपणाचा आरोप करणाऱ्यांनी बहुधा मापे पाहिली आणि रंग पाहायचे राहून गेले.

त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे पाहिली तरी शिकवण्याची ताकद कळते. ब्लॅक माउंटनमध्ये रॉबर्ट राउशेनबर्ग, तारेची जाळीदार शिल्पे करणाऱ्या रूथ असावा आणि केनेथ नोलंड. येलमध्ये इव्हा हेसे, रिचर्ड अनुस्किएविच आणि शीला हिक्स. यांतले बहुतेक जण गुरूसारखे काम करत नाहीत. राउशेनबर्ग यांच्या कामातला पसारा तर आल्बर्स यांच्या शिस्तीच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, तरी आपल्याला मिळालेला सर्वांत महत्त्वाचा शिक्षक तोच, असे राउशेनबर्ग सांगत.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आल्बर्स यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले. हयात कलाकाराचे असे एकल प्रदर्शन त्या संग्रहालयात प्रथमच भरत होते. २५ मार्च १९७६ रोजी, अठ्ठ्याऐंशी पूर्ण करून सहाच दिवस झाले असताना, न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. १९८०मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने शिक्षणाच्या गौरवार्थ काढलेल्या पंधरा सेंटच्या तिकिटावर त्यांचे चौरस छापले. १९८३मध्ये बोट्रॉपमध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले, वडिलांनी ज्या गावात दारे रंगवली त्याच गावात.

एक कृती मात्र मध्यंतरी नाहीशी झाली होती. १९६३ साली न्यूयॉर्कच्या पॅन ॲम इमारतीच्या दालनात त्यांचे ‘मॅनहॅटन’ हे भित्तिशिल्प बसवले गेले. लाल, काळ्या आणि पांढऱ्या फॉर्मायकाच्या पट्ट्यांची, ५५ फूट लांब आणि २८ फूट उंच अशी ही रचना १९२८च्या ‘सिटी’ या काचचित्रावर आधारलेली होती. २००० सालच्या सुमारास दुरुस्तीत ती काढली गेली आणि मूळ पट्ट्या परत लावण्याजोग्या राहिल्या नाहीत. आल्बर्स यांनी मात्र प्रत्येक पट्टीचे माप आणि रंग नेमका लिहून ठेवला होता. त्या नोंदींवरून ‘मॅनहॅटन’ पुन्हा तयार केले गेले, आणि २०१९पासून ते त्याच दालनात, आधीच्याच जागी उभे आहे.